एक्स २३० वर कोअरबूट: लिहायची घाई नको, आधी नीट वाचा

चोपड्याच्या एका भावाचा प्रश्न थोडक्यात असा: "जळगावातून सेकंडहॅन्ड थिंकपॅड एक्स २३० घेतला. त्यात नवीन वाय-फाय कार्ड बसवलं, तर चालू करताना 'अनधिकृत नेटवर्क कार्ड' असा मेसेज येतो आणि मशीन तिथेच थांबतं. कोअरबूट (कंपनीच्या बायोसच्या जागी टाकायचं, सोर्स कोड खुला असलेलं बायोस) टाकलं की हे जातं असं वाचलं. सीएच ३४१ ए प्रोग्रामर (बायोसची चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) आणि चिपवर लावायची क्लिप मागवली आहे, व्हिडिओ बघून करीन म्हणतो. माझ्याकडे हा एकच लॅपटॉप आहे. डेड होणार नाही ना?"

भाऊ, माझं भुसावळला रिपेअरिंगचं दुकान आहे. बायोस आयसी (मशीन चालू करणारा पहिला प्रोग्राम जिच्यात असतो ती चिप) वाचणं-लिहिणं आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा होतंच. कोअरबूट मात्र हौसेपोटी, माझ्या स्वतःच्या दोन आणि गिऱ्हाइकांच्या काही थिंकपॅडवर टाकलेलं. "डेड होणार नाही ना" याला जो छातीठोक "नाही" म्हणेल तो एकतर नवखा आहे किंवा त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं आहे. डेड होऊ शकतो. पण आमच्या धंद्यात डेडचे दोन प्रकार. आयसीवर चुकीची फाईल गेली, पडदा काळा झाला, पण मूळ फाईल हाताशी आहे: हा अर्ध्या तासात परत उठतो. मूळ फाईलच नाही, किंवा चुकीच्या व्होल्टेजने आयसी नाहीतर बोर्ड उडालं: याला डोनर बोर्ड, म्हणजे तसल्याच दुसऱ्या मशीनचं बोर्ड, शोधत बसावं लागतं. तेव्हा तुमचा प्रश्न मी "परत येता येईल ना?" असा वाचतो. त्याचं उत्तर बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे.

त्याआधी एक आडवा प्रश्न. तुम्हाला कोअरबूट हवंय, की वाय-फाय हवंय? या मॉडेलच्या मूळ बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी आहे. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की तो मेसेज येतो. नुसतं पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय हवं असेल तर काही शे रुपयांचं यूएसबी डोंगल लावा, विषय संपला. नाहीतर इंटेलचं ६२०५ कार्ड घ्या, ते पाच गिगाहर्ट्झ पकडतं. मात्र लेनोवोचा एफआरयू नंबर (कंपनीचा सुट्या भागाचा नंबर) छापलेलंच घ्या, कारण बायोस कार्डाचा उप-आयडीसुद्धा तपासतं. तिसरा मार्ग वनवायरेन (1vyrain) नावाचं सॉफ्टवेअर. मूळ बायोसमधल्या जुन्या त्रुटींचा फायदा घेऊन ते लॅपटॉप न उघडता कंपनीचंच बायोस यादी काढून बसवतं. त्यासाठी आधी बायोस जुन्या आवृत्तीवर न्यावं लागतं. मात्र हे काम आतूनच होतं, म्हणजे लॅपटॉप स्वतःच स्वतःचं बायोस लिहीत असतो. त्या वेळी बॅटरी चांगली हवी आणि अडॅप्टरही लावलेला हवा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, बॅटरी मेलेली असेल तर हे करूच नका.

एवढं वाचूनही कोअरबूटच हवं असेल, तर त्यात गैर काही नाही. मलाही ते आवडतं. ही काही कुणी रात्रीतून बनवलेली क्रॅक फाईल नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत लिनक्सबायोस नावाने हे काम सुरू झालं, २००८ मध्ये त्याचं नाव कोअरबूट झालं, आणि आज क्रोमबुकांच्या पोटात तेच आहे. लिबरबूट, हेड्स, स्कल्स ही त्याचीच तयार रूपं. मशीन झटकन चालू होतं, कार्डांची यादी जाते, आणि आत काय चाललंय याचा सोर्स कोड समोर असतो.

काय होत नाही, तेही ऐकून ठेवा. तुमच्या एक्स २३० ची बॅटरी दहा-बारा वर्षं जुनी असणार, आज ना उद्या बाजारातली डुप्लिकेट घ्याल. ती चार्ज झाली नाही की लोक कोअरबूटला दोष देतात. बॅटरी खरी की खोटी हे तपासणारी चिप वेगळी, तिला ईसी म्हणतात. कोअरबूट तिला हातही लावत नाही. पंखाही तीच सांभाळते, त्यामुळे मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात तुमचा लॅपटॉप जेवढा तापायचा तेवढाच तापेल. (उघडलाच आहे तर थर्मल पेस्ट मात्र बदलून घ्या. जुनी पेस्ट वाळून खडू झालेली असते.) ईसीमधली बॅटरीची अट काढायचा पॅच आहे, पण तो कंपनीच्या बायोस अपडेटरमार्फतच जातो. म्हणजे तो हवा असेल तर कोअरबूटच्या आधी करायचा. नंतर आठवलं तर मूळ बायोस परत टाकून पुन्हा पहिल्यापासून सगळं.

विंडोजचं थोडक्यात. या मॉडेलसोबत आलेलं विंडोज ७ मूळ बायोसमधल्या परवान्याच्या एका नोंदीवर अ‍ॅक्टिव्हेट व्हायचं, ती नोंद जाईल. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बायोस बदलल्यावर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही. लिनक्स वापरत असाल तर एवढंच बघा की सिस्टिम यूईएफआय पद्धतीने बसवली आहे की जुन्या लेगसी पद्धतीने. कोअरबूटवर सीबायोस (जुन्या लेगसी पद्धतीने बूट करणारा त्याचा भाग) घेतलंत आणि डिस्क यूईएफआयची असेल, तर ते म्हणणार बूट करायला काही नाही. माझ्याकडे यावलहून एक पोरगा "बोर्ड गेलं" म्हणून लॅपटॉप घेऊन आला होता. बोर्ड ठणठणीत होतं. फक्त ही गफलत.

आता मशीनकडे. तुमचं नशीब चांगलं. एक्स २३० हे २०१२ चं, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचं मॉडेल. चौथ्या पिढीपासून बूट गार्ड आलं. ते चालू असलेल्या मशीनवर कंपनीची सही नसलेलं बायोस सुरूच होत नाही, आणि ती चावी बोर्डावरच्या चिपसेटमध्ये कायमची जाळून बसवलेली असते. काही अपवाद आहेत. थिंकपॅड टी ४४० पी मध्ये ते लावलेलंच नाही. टी ४८० साठी इंटेलच्या जुन्या त्रुटीतून वाट काढली गेली आणि २०२४ च्या डिसेंबरात लिबरबूटने त्याला पाठिंबा दिला. पण म्हणून घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर हे करायला बसू नका. तुमचं नेमकं मॉडेल कोअरबूट चालणाऱ्या मॉडेलांच्या यादीत नसेल तर तिथेच थांबायचं.

एक्स २३० मध्ये बायोस आयसी एक नाही, दोन आहेत. कीबोर्ड आणि पामरेस्ट काढलं की काळ्या प्लास्टिकच्या पडद्याखाली दिसतात. स्क्रीनच्या बाजूची ४ एमबीची, तुमच्या पोटाच्या बाजूची ८ एमबीची. ८ एमबीच्या सुरुवातीला डिस्क्रिप्टर (आयसीत कुठे काय आहे त्याचा नकाशा) असतो, त्यानंतर इथरनेटचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची मशीनची ओळख) असलेला भाग आणि इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे चिपसेटमधल्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचं सॉफ्टवेअर. मशीन चालू होताना पहिलं पाऊल ज्या कोडवर पडतं तो ४ एमबीच्या शेवटी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

प्रोग्रामरचं बोलू. काळ्या बोर्डाचा सीएच ३४१ ए स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो आणि जम्पर ३.३ वर ठेवला तरी डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट सोडतो. तुमची आयसी ३.३ व्होल्टची. "माझं तर काही झालं नाही" असं म्हणणारे शंभर भेटतील, आणि खरं सांगायचं तर माझंही बरेच दिवस काही झालं नव्हतं. पण आयसी बोर्डावर असताना तिच्या पिना थेट चिपसेटला जोडलेल्या असतात. आयसी गेली तर दुसरी लावता येते. चिपसेट गेला तर मी तरी ते काम हातात घेत नाही. तेव्हा मल्टिमीटर घ्या, प्रोग्रामर नुसता यूएसबीला लावा आणि डेटाच्या पिना मोजा. ५ दिसले तर तो ठेवून द्या. व्होल्टेज निवडायचं बटन असलेला नवीन हिरव्या बोर्डाचा घ्या, नाहीतर रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घेऊन त्यावर त्याला प्रोग्रामर बनवणारं सेरप्रोग टाका. पिको जात्याच ३.३ वर चालतो आणि महागही नाही.

इथे तुमची "एकच लॅपटॉप" ही अडचण येते. प्रोग्रामर लावायला दुसरं मशीन लागणारच. मित्राचा लॅपटॉप किंवा घरचा डेस्कटॉप, आणि तोसुद्धा एका दुपारपुरता नाही, चार-आठ दिवस हाताशी असलेला. परीक्षा, प्रोजेक्ट जमा करायची तारीख असं काही जवळ असेल तर नंतर करा. प्रोग्रामरने काम करताना लाइट गेली तर मात्र फार घाबरू नका. मधेच तुटलं तरी आयसी पुन्हा पहिल्यापासून लिहिता येते.

आता वाचायचं काम. माझं सगळं उत्तर खरं तर या एका गोष्टीसाठी आहे.

साधारण नऊ-दहा वर्षांपूर्वी धुळ्याकडचं एक गिऱ्हाईक आलं. दुसऱ्याच कंपनीचा लॅपटॉप, मधून मधून चालू होताना अडकायचा. मी ठरवलं की बायोस नव्याने टाकू. तेव्हा मी विंडोजवरचं एक जुनं प्रोग्रामरचं सॉफ्टवेअर वापरायचो, त्यात आयसीचा नंबर आपणच यादीतून निवडायचा आणि "रीड" दाबायचं. दाबलं. पुन्हा दाबलं. दोन्ही फाइली जुळवून पाहिल्या, तंतोतंत सारख्या. बॅकअप झाला म्हणून मी खूश. क्लिप जरा कलती वाटली म्हणून काढून नीट बसवली आणि नेटवरून घेतलेली बिन फाईल (बायोसची तयार फाईल) लिहून टाकली. ती फाईल त्याच मॉडेलच्या, पण वेगळ्या रिव्हिजनच्या बोर्डाची निघाली. पडदा काळा. हरकत नाही, मूळ फाईल आहे ना, म्हणून ती उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एफएफ, एफएफ, एफएफ, म्हणजे रिकामी. क्लिप तेव्हा टेकलेलीच नव्हती. मी दोनदा हवा वाचली होती, आणि हवा दोन्ही वेळा सारखीच असते!

गिऱ्हाईक समोर बसलेलं. ते एवढंच म्हणालं, "मना लॅपटॉप चालू व्हता ना भो!" काय बोलणार यावर? नाशिकच्या एका ओळखीच्या कारागिराकडे तेच बोर्ड निघालं, त्याचा डंप, म्हणजे आयसीतून वाचलेली फाईल, मागवला, आठ दिवस गेले. त्यातही त्याच्या बोर्डाचा सीरियल नंबर आणि मॅक अ‍ॅड्रेस आला, तो हाताने बदलत बसलो. मजुरी घेतली नाही, मागायचं तोंडच नव्हतं.

त्यानंतरची माझी पद्धत सांगतो. मुख्य बॅटरी काढायची, अडॅप्टर काढायचा, आतला सीमॉसचा सेलही काढायचा. आयसीच्या पायांवर धूळ, फ्लक्स असेल तर आयपीएने (साफसफाईच्या अल्कोहोलने) पुसायचं. आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी असते, ब्लँकेटवर बसून हे काम करू नका, आणि बोर्डाला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावा. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून आयसीवरचा नंबर वाचा आणि कागदावर लिहा. आयसीच्या एका कोपऱ्यात बारीक खळगा किंवा ठिपका असतो, ती एक नंबरची पिन, क्लिपची लाल वायर तिकडे. क्लिप वरून सरळ दाबायची, आठही दात पायांवर बसले की ती हलत नाही. हलली तर बसली नाही. वायरी वीतभरापेक्षा लांब नकोत, आणि प्रोग्रामर हबला नाही, थेट मशीनच्या पोर्टला लावायचा. बोर्डावरच वाचताना प्रोग्रामर आयसीबरोबर आजूबाजूचं सर्किटही पोसत असतो, त्यात लांब वायर म्हणजे हमखास चुका.

सॉफ्टवेअर म्हणून लिनक्सवरचं फ्लॅशरॉम वापरा. ते आयसी स्वतः ओळखायचा प्रयत्न करतं आणि सापडली नाही तर स्पष्ट सांगतं, माझ्या त्या जुन्या सॉफ्टवेअरसारखं मुकाट हवा वाचत नाही. कधीकधी ते दोन-तीन नावं पुढे करून यातली कुठली ते विचारतं, कारण काही आयसींचा आयडी एकच असतो. तेव्हा कागदावर लिहिलेला नंबर कामाला येतो. जबरदस्तीने वाचायचा पर्याय त्यात आहे, तो वापरू नका.

प्रत्येक आयसी तीनदा वाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनाआधी क्लिप काढून पुन्हा बसवा, ही माझी खास अट. तिन्ही फाइलींचा एसएचए २५६ हॅश (फाइलीवरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) एकच आला पाहिजे. मग साइज बघा: ८ एमबीची फाईल बरोबर ८३,८८,६०८ बाइट, ४ एमबीची ४१,९४,३०४. एक बाइटसुद्धा कमी-जास्त चालणार नाही. आणि शेवटी फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) डोळ्यांनी बघा. ८ एमबीच्या फाइलीत पहिली सोळा बाइट सोडून लगेच ५ए ए५ एफ० ०एफ ही चार बाइट दिसली पाहिजेत. ती इंटेलच्या डिस्क्रिप्टरची खूण. ती दिसली आणि हॅशही जुळले तर तुम्ही खरंच आयसी वाचली आहे. ४ एमबीच्या फाइलीच्या अगदी तळाला जा, शेवटच्या ओळीत नुसते एफएफ असतील तर पुन्हा वाचा.

या फाइली दोन पेनड्राइव्हवर आणि स्वतःच्या मेलवर ठेवा. तुमचा मॅक अ‍ॅड्रेस त्यात आहे, नेटवर मिळणाऱ्या कुठल्याही फाइलीत तो सापडणार नाही.

लिहायला त्यामानाने फार डोकं लागत नाही. पहिल्या खेपेला माझा सल्ला: फक्त ४ एमबीची आयसी लिहा, ८ एमबीला हात लावू नका. स्कल्ससारखी रूपं याच पद्धतीने बनवलेली आहेत. म्हणजे डिस्क्रिप्टर, मॅनेजमेंट इंजिन, मॅक अ‍ॅड्रेस सगळं जागच्या जागी राहतं आणि परतीला एकच छोटी फाईल पुरते. लिबरबूट घेतलंत तर त्याची फाईल १२ एमबीची असते. ती ८ आणि ४ अशी तोडून दोन्ही आयसींवर लिहावी लागते आणि त्यात तुमचा मॅक अ‍ॅड्रेस वेगळा भरावा लागतो. मॅनेजमेंट इंजिन छाटायचा मोह आवरा. छाटता येतं, मीही छाटलंय, पण या पिढीत ते पूर्ण पुसलं तर मशीन अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं. त्यातला थोडा भाग ठेवावाच लागतो आणि कुठला ठेवायचा हे एमई क्लीनर नावाचं साधन ठरवतं. पहिलं सगळं महिनाभर नीट चाललं की मग बघा. डाउनलोड केलेल्या फाइलीचा हॅशही प्रकल्पाने दिलेल्या हॅशशी जुळवा. व्हिडिओखालच्या लिंकवरून कुणीतरी चढवलेली बिन फाईल घेऊ नका.

लिहून झालं की फ्लॅशरॉम स्वतःच परत वाचून पडताळतं आणि व्हेरिफाइड म्हणतं. ते आलं नाही तर क्लिप नीट करून पुन्हा लिहा, मशीन चालू करून बघू नका.

पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही सेकंद काळाच राहतो. कोअरबूट तेव्हा रॅम तपासून तिचं गणित बसवत असतं. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि ते बटन दाबून धरतात. घड्याळ लावून दोन मिनिटं बसा. तरीही काही नाही आलं तर रॅमची एक स्टिक काढा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक असतील तर बऱ्याचदा तिथेच घोडं पेंड खातं. तरीही नाही, तर मूळ ४ एमबीची फाईल परत लिहा आणि जुनं बायोस येतं का बघा. ते आलं म्हणजे बोर्ड शाबूत आहे, मग निवांत चूक शोधा. आणि पहिल्या यशस्वी बूटपर्यंत स्क्रू लावू नका. मी लावायचो आणि दर वेळी परत खोलायचो.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा: आज-उद्या प्रोग्रामरची पिन मोजा. दुसऱ्या मशीनची सोय करा. रविवारी दोन्ही आयसी तीन-तीनदा वाचा आणि सहाही फाइलींचे हॅश व साइज मला कळवा, सोबत आयसीवरचा नंबर दिसेल असा फोटो. तोवर जुनं कार्ड परत लावून लॅपटॉप वापरत राहा.